गणपतीच्या दहा दिवसांचं ॲप

२०२५ च्या गणपतीतला प्रसंग. एका मंडळाने वाटलेली आरतीची पुस्तिका. गुळगुळीत गुलाबी मुखपृष्ठ, आत बोटाला शाई लागेल असा कागद, मधल्या पानांवर सराफ, पेढेवाले आणि भावी नगरसेवक. मलपृष्ठाच्या कोपऱ्यात टपाल तिकिटाएवढा क्यूआर कोड आणि खाली ओळ, 'सर्व आरत्या आता मोबाईलवर'. संध्याकाळच्या आरतीला मागच्या रांगेतल्या एका आजोबांनी चष्मा कपाळावर सरकवून तो स्कॅन केला. पांढरं पान उघडलं, वर इंग्रजीत काहीतरी एक ओळ. त्यांनी फोन जरा लांब धरून पुन्हा स्कॅन केला, पुन्हा तेच. तोवर झांजा सुरू झाल्या. फोन खिशात गेला आणि पुस्तिका उघडली. एवढंच झालं. पण त्या चौकोनामागे कोणाचं तरी ॲप होतं, ते बनवायला कोणीतरी रात्री घातल्या होत्या, छपाईचे पैसे मोजले होते, आणि ज्या एका मिनिटासाठी हा सगळा खटाटोप होता ते मिनिट टाळ्यांच्या गजरात निघून गेलं होतं. हे काही केल्या डोक्यातून जाईना.

छापील कोडात ॲपचा सरळ पत्ता सहसा घालत नाहीत. मध्ये एक वळणाची लिंक असते, म्हणजे अँड्रॉइडवाला प्ले स्टोअरला पोचतो आणि आयफोनवाला ॲप स्टोअरला. गुगलची फायरबेस डायनॅमिक लिंक्स ही त्यासाठीची फुकट सेवा अनेकांनी वापरली. ती बंद होणार हे २०२३ मध्येच जाहीर झालं होतं, आणि २५ ऑगस्ट २०२५ ला ती बंद झाली. गणेश चतुर्थी होती २७ ऑगस्टला. म्हणजे त्या सेवेच्या भरवशावर छापलेला प्रत्येक कोड हरतालिकेच्या आदल्या दिवशी निकामी झाला. कागदावर जे छापायचं त्याचा पत्ता स्वतःच्या मालकीच्या डोमेनवरचाच, म्हणजे आपल्या नावाने घेतलेल्या वेबपत्त्यावरचाच हवा, ही गोष्ट म्हणूनच सगळ्यात आधी. डोमेनचा वर्षाचा खर्च पुस्तिकेच्या एका गठ्ठ्याच्या छपाईपेक्षा कमी असतो, आणि पुढचं वळण केव्हाही बदलता येतं. शिवाय प्रत्येक मंडळाला त्याच पत्त्याची वेगळी शेपटी देता येते. प्ले स्टोअरच्या लिंकला रेफरर नावाचा तुकडा जोडला की ॲप पहिल्यांदा उघडताना तो वाचता येतो, आणि कोणत्या मंडळाच्या पुस्तिकेतून किती जण आले ते कळतं. कोडाच्या मापाचा ढोबळ हिशेब अंतराच्या एक दशांश असा आहे. तीन मीटरवरून स्कॅन व्हायचा असेल तर तीस सेंटिमीटरचा, हातातल्या पुस्तिकेवर निदान दोन ते अडीच सेंटिमीटरचा. भोवती चार ठिपक्यांएवढी पांढरी चौकट मोकळी सोडायची. छापखान्यातला पोरगा जागा वाचवायला नेमकी तीच कापतो. पत्ता जितका लांब तितके ठिपके बारीक. चकचकीत फ्लेक्सवर हॅलोजन पडला की मधला भाग पांढराच दिसतो. त्यामुळे छपाईला देण्याआधी नमुन्याचा एक कागद मंडपाच्याच उजेडात, एखाद्या जुन्या, ओरखडे पडलेल्या कॅमेऱ्याच्या फोनवर स्कॅन करून बघावा.

अर्थात कोड चालला असता तरी आजोबांनी ॲप घेतलंच असतं असं नाही.

आरतीच्या ॲपचं वर्ष फटाक्यांच्या स्टॉलसारखं असतं. साडेअकरा महिने डाउनलोडचा आलेख जमिनीला चिकटलेला, श्रावण संपता संपता जरा हलतो, हरतालिकेच्या संध्याकाळी उभा चढतो, चतुर्थीच्या सकाळी शिखर गाठतो. मग दीड दिवसाचे गेले की थोडा खाली, गौरी आल्या की पुन्हा वर, आणि अनंत चतुर्दशीनंतर सपाट. या आलेखाकडे बघत बसलं की एक गोष्ट कळते. कोणीही आरतीचं ॲप 'आवडलं' म्हणून घेत नाही. पाटावर मूर्ती आहे, ताम्हन तयार आहे, कापूर हातात आहे, आणि पहिल्या तीन आरत्यांनंतर पुढचं कोणालाच नीट आठवत नाही. तेवढ्यात घरातली कोणी मुलगी म्हणते, थांबा, मी बघते. तिच्याकडे मिनिटभर वेळ आहे, कधी तेवढाही नाही. जाहिरातबाजी म्हणून जे काही आपण करतो ते या मिनिटाची तयारी असते. ती दिसते कमी आणि कंटाळवाणी जास्त असते, म्हणून लोक थेट जाहिरातीला पैसे लावून मोकळे होतात.

तयारीची सुरुवात नावापासून. प्ले स्टोअरवर नावाला ३० अक्षरं मिळतात. २०२१ पर्यंत ५० होती. त्याखालच्या छोट्या वर्णनाला ८०, मोठ्याला ४०००. आणि ही अक्षरं आपण शाळेत मोजली तशी मोजली जात नाहीत. काना, वेलांटी, अनुस्वार, हलन्त, सगळं वेगळं धरलं जातं. 'संग्रह' आपल्या लेखी तीन अक्षरं, मोजणीत सहा. 'गणपती आरती संग्रह ऑफलाइन' एवढ्याची चोवीस होतात. उरलेल्या सहांत एक मोकळी जागा आणि रोमन लिपीतलं, दोन ए लावून लिहिलेलं 'आरती', नेमकं बसतं. ते बसवायचं, कारण माणसं बोलतात मराठीत, वाचतात देवनागरीत, पण घाईत शोधतात रोमनमध्ये. कोणी एक ए लावतं, कोणी दोन. 'संग्रह'च्या स्पेलिंगचे तर वाटेल तेवढे अवतार. ते सगळे अवतार एकामागोमाग वर्णनात ओतून ठेवायचा मोह होतो. तो टाळावा. शब्दांचा असा ढीग गुगलच्या नियमात बसत नाही, आणि वाचणाऱ्यालाही त्याचा संशय येतो. त्यापेक्षा आत काय आहे ते सरळ वाक्यांत सांगावं: देवीची, शंकराची, विठ्ठलाची, दत्ताची आरती, अथर्वशीर्ष, मंत्रपुष्पांजली, शेवटचे देवे. लोक शोधतात तेही यातलंच काही. नावात 'फ्री', 'बेस्ट', 'नंबर वन' असले शब्द २०२१ च्या नियमांनंतर चालत नाहीत. त्यात घालवलेली अक्षरं तशीही वायाच जायची. 'ऑफलाइन' मात्र जरूर घ्यावा. मांडवात चारशे माणसं एकाच टॉवरवर लटकलेली असताना त्या एका शब्दाची किंमत कळते. आयफोनवर हिशेब वेगळा. तिथे नावाला ३०, उपशीर्षकाला ३० आणि कोणालाही न दिसणारा शोधशब्दांचा एक १०० अक्षरांचा रकाना. तिथलं लांबलचक वर्णन शोधात धरलंच जात नाही, त्यामुळे प्ले स्टोअरचा मजकूर उचलून आयफोनच्या वर्णनात डकवला की नुसतं समाधान मिळतं.

पुढची गफलत भाषेची. प्ले कन्सोल म्हणजे ॲपवाल्याचं प्ले स्टोअरवरचं खातं. त्यात ॲपचं पान मराठीतून वेगळं भरता येतं. ते प्रेमाने भरून लोक निर्धास्त होतात. पण ते पान मुख्यतः फोनची भाषा मराठी ठेवणाऱ्यांना दिसतं. मराठी घरांतले पुष्कळ फोन दुकानातून इंग्रजीत चालू होऊन येतात आणि तसेच राहतात. वर्गणीच्या पावत्यांवर शुद्धलेखन तपासणाऱ्या काकांचा फोनसुद्धा इंग्रजीतच असतो. त्यांना दिसतं मूळ, इंग्रजी म्हणून भरलेलं पान, आणि ते बहुधा कोणीतरी उरकून टाकलेलं असतं. मूळ पानावरच दोन्ही लिप्या असाव्यात, आणि पहिले दोन स्क्रीनशॉट मराठीच असावेत.

चिन्हाचं काय होतं ते बघायला 'आरती' एवढाच शब्द शोधून पाहा. केशरी, केशरी, पुन्हा केशरी. प्रत्येक चौकोनात मुकुटासह अख्खे गणपतीबाप्पा. ५१२ पिक्सेलच्या मूळ चित्रात दागिने सुरेख दिसतात. फोनवर ते नखाएवढं होतं आणि मूर्तीचा नुसता केशरी ठिपका उरतो. सोंडेची एक वळणदार रेघ किंवा पेटती निरांजन, मागे गडद हिरवा नाहीतर जांभळा रंग, एवढ्याने डोळा थांबतो. कुठल्या तरी मानाच्या गणपतीचा फोटो नेटवरून उचलून लावू नये. तो कोणा फोटोग्राफरचा असतो आणि तक्रार आलीच तर ती ऐन उत्सवात येते. आवाजाचंही तेच. पारंपरिक आरत्यांचे शब्द शतकांपूर्वीचे, ते कोणाच्या मालकीचे नाहीत. कॅसेटवरचं गायन मात्र ध्वनिमुद्रण कंपनीचं आहे. चतुर्थीच्या आदल्या दिवशी ॲप स्टोअरवरून उतरलं तर दाद मागेपर्यंत विसर्जन झालेलं असतं.

स्क्रीनशॉट आठ लावता येतात, पण शोधाच्या यादीतून वर सरकणारं बोट फार तर पहिल्या दोन-तीनवर थांबतं. तिथे बहुतेक जण ॲप उघडताना दिसणारं स्वागताचं चित्र लावतात. त्यातून काहीच कळत नाही. पहिल्या चित्रात प्रत्यक्ष आरती हवी, मोठ्या अक्षरात, चार ओळी, हातभर अंतरावरून वाचता येईल अशी. दुसऱ्यात आरत्यांची यादी, घरच्या क्रमाने लावता येते हे दाखवणारी. चित्रावरचं लेखन चित्राच्या एक पंचमांशाहून जास्त नको, असं गुगलचंही सांगणं आहे, आणि निदान चार चित्रं तरी कमीत कमी १०८० पिक्सेलची असली तर स्टोअर ती मोठ्या आकारात दाखवू शकतं. अजून एक बारकावा. अक्षरवळण हिंदी धाटणीचं असलं, ल आणि श वेगळ्या घडणीचे दिसले, की मराठी वाचकाला का ते सांगता येत नाही, पण ॲप परकं वाटतं. ॲपच्या प्रोग्राममध्ये मजकुराची भाषा मराठी अशी नोंदवली की मराठी वळणं असलेला फॉन्ट ती आपोआप दाखवतो.

आणि आकार. गुगलने २०१७ मध्ये स्वतःच्या आकडेवारीवरून सांगितलं होतं की ॲपच्या आकारात दर ६ एमबी वाढीमागे इन्स्टॉलचं प्रमाण साधारण एका टक्क्याने घटतं. आपल्याकडे त्याचं चित्र सोपं आहे: सुप्रभातच्या फुलांनी आणि लग्नाच्या व्हिडिओंनी फोन भरलेला, वर 'स्टोरेज फुल'ची पट्टी. चाळीस आरत्यांचा आवाज आत कोंबला, दर आरती चार एमबी, तर दीडशेच्या वर जातं. शब्द सगळे आत, आवाज मागेल त्याला मागेल तेव्हा, अशी वाटणी केली तर ॲप दहाच्या आत बसतं. हे काम प्रोग्रामरचं म्हणून प्रसिद्धीवाले त्याकडे बघत नाहीत. स्क्रीन मध्येच काळी न होऊ देण्याचंही तसंच. ती कोडमधली एक ओळ असते. पण हात तुपाने माखलेले असताना तिसऱ्या कडव्याला फोन झोपला, की आरती झाल्या झाल्या एक तारा पडतो.

ताऱ्यांचा हिशेब मोठा निष्ठुर आहे. प्ले स्टोअर ताज्या रेटिंगला जास्त वजन देतं, आणि २०२१ च्या अखेरीपासून प्रत्येक देशातल्या वापरणाऱ्याला त्या देशातलं रेटिंग दिसतं. दहा दिवसांत कमावलेले किंवा गमावलेले तारे पुढचं वर्षभर पानावर राहतात, कारण मधल्या काळात नवं मत द्यायला कोणी येतच नाही. म्हणून रेटिंग मागायचं कधी, हे ठरवणं महत्त्वाचं. ॲप उघडल्या उघडल्या नाही, आरती चालू असताना तर नाहीच. तिसऱ्या दिवशी, दोन-तीन आरत्या शेवटपर्यंत वाचून झाल्यावर, यादीत परतताना. गुगलची ॲपमधूनच मत घेणारी चौकट वापरताना आधी 'आवडलं का?' असं विचारून फक्त खुश लोकांना पुढे सरकवणं नियमाबाहेर आहे. ॲपल तर वर्षभरात तीनदाच विचारू देतं. नाराज मतांना उत्तर द्यायला गुगल ३५० अक्षरं देतं, आणि काना-मात्रे पुन्हा मोजले जातात, त्यामुळे 'आपल्या बहुमूल्य अभिप्रायाबद्दल धन्यवाद' लिहिण्यात चाळीसेक अक्षरं घालवू नयेत. काय दुरुस्त केलं तेवढं लिहावं. ॲप मध्येच बंद पडणं हा तर दुहेरी मार. रोज वापरणाऱ्यांपैकी १.०९ टक्क्यांहून जास्त लोकांना ते बंद पडताना दिसलं, किंवा ०.४७ टक्क्यांहून जास्त लोकांकडे ते गोठलं, तर प्ले स्टोअर त्याला शोधात मागे ढकलू शकतं. हे सगळं साधं, शब्दांचं ॲप असूनही होतं, आणि बहुतेक वेळा दोष ॲपमधल्या जाहिरात दाखवणाऱ्या प्रोग्रामच्या तुकड्याचा निघतो.

आरतीच्या मध्ये जाहिरात.

मंत्रपुष्पांजलीच्या ऐन सुरात स्क्रीनभर रमीचा डाव उघडतो आणि बारीक फुली सापडत नाही. घरातले सगळे त्या फोनधारकाकडे बघतात. कमाईची गरज मान्य, फुकट ॲप चालवायला सर्व्हर लागतो, वेळ लागतो. पण मध्येच अचानक उगवणाऱ्या पूर्ण पडद्याच्या जाहिरातींना प्ले स्टोअरने ३० सप्टेंबर २०२२ पासून बंदी घातली आहे, आणि ती नसती तरी ही जागा चुकीचीच होती. यादीच्या तळाशी एक शांत पट्टी पुरते. कमाई कमी होते, ॲप मात्र पुढच्या वर्षी आठवतं.

मग पैसे देऊन जाहिरात करावीच का? करावी, पण उशिरा नाही. गुगलच्या ॲप कॅम्पेनमध्ये आपण जागा निवडत नाही. ३० अक्षरांचे पाच मथळे, ९० अक्षरांची पाच वर्णनं, काही चित्रं आणि व्हिडिओ द्यायचे, आणि ते यंत्र शोध, प्ले स्टोअर, यूट्यूब असं सगळीकडे फिरवून शिकतं. शिकायला त्याला दिवस लागतात. दर इन्स्टॉलला जी रक्कम ठरवाल त्याच्या ५० पट रोजचं बजेट ठेवावं, असं गुगल सुचवतं. म्हणजे एका डाउनलोडला ६ रुपये द्यायची तयारी असेल तर रोज ३०० रुपये. रोज पन्नास रुपये टाकून कासावीस होत बसणाऱ्याला यंत्र काही शिकल्याचं दिसत नाही. मध्येच रक्कम वीस टक्क्यांहून जास्त वर-खाली केली की शिक्षण पुन्हा पहिलीपासून. चतुर्थीच्या दोन दिवस आधी सुरू केलं तर सराफ, गाड्या आणि मोबाईलवाले सगळे त्याच जागांसाठी बोली लावत असतात. तीन आठवडे आधी थोडक्यात सुरू करून हरतालिकेला हात सैल सोडणं परवडतं. आणि यंत्राला नुसते 'डाउनलोड आण' असं सांगितलं तर ते डाउनलोडच आणतं, म्हणजे जे लोक दिसेल ते ॲप टाकतात आणि विसरतात असे. 'तीन आरत्या उघडणारे आण' असं सांगता येतं. त्यासाठी तेवढी एक घटना ॲपमधून मोजून जाहिरातीच्या खात्याला जोडावी लागते. दर महाग पडतो. माझ्या मते तोच दर खरा.

टेलिग्रामवर 'हजार डाउनलोड अमुक रुपयांत' विकणारेही गणपतीच्या सुमाराला जोरात असतात. मोह कशाचा असतो ते कळतं. पानावर आकडा पायरीपायरीने दिसतो, हजार, पाच हजार, दहा हजार, पन्नास हजार, लाख, आणि ४,८०० वर अडकलेल्याला दोनशेची भीक मागावीशी वाटते. पण ते फोन ॲप एकदा उघडतात आणि काढून टाकतात. स्टोअरच्या नोंदीत त्याचा अर्थ 'लोक घेतात आणि टाकतात' एवढाच होतो. विकत घेतलेले आकडे नियमबाह्य असल्याने पकडल्यावर पुसले जातात, कधी ॲपही जातं.

माणसामाणसांतून पसरण्याची गोष्ट निराळी. २०१७ मध्ये गुगलचं पैसे पाठवायचं ॲप 'तेज' आलं तेव्हा मित्राला बोलावण्याचे ५१ रुपये मिळायचे, पण ते मित्राने ॲप टाकल्यावर नाही, पहिला व्यवहार केल्यावर. पुढे त्याचंच गुगल पे झालं, आणि २०१९ च्या दिवाळीत त्यातल्या स्टँप जमवायच्या खेळात रांगोळीच्या एका स्टँपसाठी माणसांनी शाळेच्या ग्रुपवर, ऑफिसात, सासरी-माहेरी हात पसरले. २५१ रुपयांसाठी एरवी कोणी इतकं लाजिरवाणं वागलं नसतं. आरतीच्या ॲपकडे वाटायला पैसे नसतात, मजकूर असतो. कोणी 'शेअर' दाबलं की 'हे ॲप डाउनलोड करा' असा कोरडा निरोप जाऊ नये. ती पूर्ण आरतीच जावी, नीट ओळी पाडलेली, आणि सर्वात खाली एक लिंक. वाचणाऱ्याचं काम झालेलं असतं, मग तो लिंक दाबतो किंवा नाही दाबत. व्हॉट्सॲपवर फार वेळा पुढे गेलेला निरोप २०२० पासून एका वेळी एकाच गप्पेत पाठवता येतो, त्यामुळे एकच निरोप गावभर फिरेल या आशेवर राहण्यात अर्थ नाही. ज्याने त्याने आपल्या ॲपमधून ताजा निरोप पाठवला तर तो 'फॉरवर्डेड' ठरत नाही. मुंबईकरांच्या फोनात एम-इंडिकेटर शिरलं ते शेजारच्याच्या स्क्रीनवर लोकलची वेळ दिसली म्हणून, आणि बोगद्यात रेंज गेली तरी दिसत राहिली म्हणून.

परदेशातल्या मराठी घरांचा आलेख वेगळाच असतो. अमेरिकेतल्या मंडळांचा गणपती बहुधा चतुर्थीनंतरच्या शनिवार-रविवारी हॉलमध्ये बसतो, शिखरही तेव्हाच. तिथे आयफोन जास्त, आणि मुलांना देवनागरी वाचता येत नाही, म्हणून रोमन लिपीतल्या आरतीला तिथे खरी मागणी आहे. प्ले स्टोअर देशागणिक निराळं पान दाखवू देतं. अमेरिका-ब्रिटनसाठीच्या पानावर पहिला स्क्रीनशॉट रोमन आरतीचा ठेवावा, बाकी काही बदललं नाही तरी चालेल.

आकडे वाचताना तारखांनी फसायला होतं. कन्सोल मागच्या वर्षीच्या त्याच तारखेशी तुलना दाखवतं. २०२४ ला चतुर्थी ७ सप्टेंबरला होती, २०२५ ला २७ ऑगस्टला, आणि २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यामुळे ती थेट १४ सप्टेंबरला. २७ ऑगस्ट २०२६ ला पडद्यावर लालभडक घसरण दिसेल आणि कोणीतरी घाबरून बजेट दुप्पट करेल. तुलना तिथीशी करायची: चतुर्थी ते चतुर्थी, गौरी ते गौरी. त्यासाठी हाताने तक्ता करावा लागतो, पंचांग जाणणारं कन्सोल अजून निघालेलं नाही.

हा लांबलेला काळ कामाला येतो. चिन्ह आणि स्क्रीनशॉट यांचे तीनपर्यंत पर्याय आताच्या रूपाशी ताडून बघायची सोय प्ले स्टोअरवर आहे, नावाला मात्र ती नाही. दिवसाला तीसेक माणसं पानावर येत असतील तर निकाल कधीच पक्का होत नाही, म्हणून ही चाचणी आषाढीच्या गर्दीत उरकावी, विठ्ठलाची आरती शोधणारे येतातच. २०२६ ची आषाढी २५ जुलैला, म्हणजे हातात सात आठवडे उरतात. कोणी पहिल्यांदाच वैयक्तिक खातं काढून ॲप आणणार असेल तर १२ माणसांनी सलग १४ दिवस ते चाचणीत ठेवावं लागतं, तेव्हा कुठे ते सगळ्यांसाठी खुलं करण्याची परवानगी मागता येते; तपासणीला पुढे आठवडाही लागू शकतो. चालू ॲपची शेवटची सुधारणा चतुर्थीच्या दहा दिवस आधी बाहेर पडावी, तीही आधी पाच टक्के लोकांना, मग वीस, मग सगळ्यांना. हरतालिकेच्या रात्री सुचलेली कल्पना कितीही देखणी असली तरी तशीच राहू द्यावी.

आणि विसर्जनानंतर? अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी ॲप काढून टाकणाऱ्यांचा राग येतो, पण त्यांचं काम झालेलं असतं आणि जागा त्यांची आहे. काहींना थांबवता येतं. दर महिन्याला संकष्टी आहे, आणि त्या दिवशी चंद्रोदय किती वाजता हे घराघरांत विचारलं जातं. मुंबई आणि नागपूरच्या वेळेत साधारण पंचवीस मिनिटांचा फरक पडतो, तेव्हा गावानुसार वेळ सांगणारी एक सूचना पुरेशी आहे. अँड्रॉइड १३ पासून सूचना पाठवायला परवानगी मागावी लागते. ती पहिल्या दिवशी कापूर पेटलेला असताना मागितली तर नकारच येतो. दहाव्या दिवशी, 'संकष्टीला चंद्रोदयाची वेळ कळवू का?' असं विचारून मागितली तर बरेच जण हो म्हणतात. उरलेले पुढच्या भाद्रपदात परत येतात, आणि कन्सोलमध्ये ते नवे म्हणून नाही, परतलेले म्हणून वेगळे मोजले जातात. त्यांना दाखवायला निराळं पानही ठेवता येतं. त्यांनी गेल्या वर्षी आपल्या घरचा आरत्यांचा क्रम लावून ठेवला होता, आधी गणपती, मग देवी, मग आजीच्या माहेरची ती एक खंडोबाची. अँड्रॉइडचा आपोआप होणारा बॅकअप दर ॲपला २५ एमबीपर्यंत जागा देतो. हा क्रम त्यात जायला काही केबीसुद्धा लागत नाहीत, आणि वापरणाऱ्याच्या फोनवर बॅकअप चालू असला तर ॲप पुन्हा टाकल्यावर यादी होती तशी लागते. फक्त ती फाइल बॅकअपमधून वगळलेली नाही ना, हे एकदा तपासायला हवं. ते काम पितृपक्षातच करून टाकावं, श्रावणात कोणाला वेळ नसतो.